पाण्याचे आकडे लपवून काय मिळतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर २०२६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत युनोची पाणी परिषद आहे, सेनेगल सहयजमान. मागची मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कला झाली, तीसुद्धा १९७७ च्या अर्जेंटिनातल्या परिषदेनंतर थेट ४६ वर्षांनी, आणि तिथे ७०० च्या आसपास आश्वासनं गोळा झाली, सगळी ऐच्छिक. पाळली तर पाळली, नाही तर विचारणारं कोणी नाही.

माझं म्हणणं असंय की यावेळी एकच गोष्ट धरून बसा. नदी ज्याच्याकडून वाहत येते त्या वरच्या देशाने तिची पातळी, पावसाचे आकडे आणि धरणातून किती पाणी सोडलं हे खालच्या देशाला बारा महिने वेळेवर द्यायचं, आणि भांडण झालं म्हणून बंद करायचं नाही. पाणी वाटताना कोणाला तरी कमी मिळतंच, पण आकडा दिल्याने कोणाचा थेंबही कमी होत नाही. तरी राजकारण तापलं की आधी हाच नळ बंद करतात!

मेकाँग नदीचं बघा ना. लाओस, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम यांनी १९९५ मध्ये नदीचं कमिशन काढलं, पण नदी जिथून येते तो वरचा चीन त्यात सदस्य नाही आणि कितीतरी वर्षं तो फक्त पावसाळ्यातले आकडे द्यायचा, म्हणजे उन्हाळ्यात नदी आटली की वर धरणात किती पाणी अडवलंय हे खालच्यांना कळायला मार्गच नाही. बारमाही आकडे मिळायला २०२० उजाडलं, तेही दोनच केंद्रांवरचे.

याउलट पश्चिम आफ्रिकेतली सेनेगल नदी. माली, मॉरिटानिया आणि सेनेगल, तिन्ही काही श्रीमंत देश नव्हेत, पण १९७२ मध्ये एकत्र संस्था काढली आणि पुढे मनंताली धरण बांधलं ते तिघांच्या सामाईक मालकीचं, धरण उभं मालीच्या जमिनीवर पण एकट्या मालीचं नाही. १९८९ मध्ये सेनेगल आणि मॉरिटानियात रक्तपात झाला, राजनैतिक संबंध तुटले, तरी नदीची संस्था चालू राहिली. गिनीसुद्धा नंतर आत आला. परिषदेत भाषणं कमी करून तिथल्या इंजिनियर लोकांना बोलवा, भांडणाच्या काळात काम कसं चालू ठेवलं ते त्यांच्याकडून ऐकू दे सगळ्यांना.

आणि हवामान बदलतंय तर करारातले जुने ठोक आकडेही चालणार नाहीत. अमेरिकेतून मेक्सिकोत जाणाऱ्या कोलोरॅडो नदीच्या १९४४ च्या करारात मेक्सिकोला वर्षाला साधारण १८५ कोटी घनमीटर पाणी ठरलं, असामान्य दुष्काळ पडला तर कमी मिळेल असंही लिहिलं, पण असामान्य म्हणजे किती ते लिहिलंच नाही. शेवटी २०१२ मध्ये पुरवणी करार करून कपात लेक मीडच्या, म्हणजे या नदीवरच्या अमेरिकेतल्या मोठ्या धरणाच्या जलाशयाच्या, पातळीला जोडली, पातळी ठराविक खुणेखाली गेली की अमेरिकेची कपात आणि मेक्सिकोचीही. हे जमलं कारण ती पातळी उघड आहे, कोणीही बघू शकतं. आकडेच गुप्त असते तर कपातीवर विश्वास कोणी ठेवला असता?

आकडे नियमित द्यावेत असं युनोच्या १९९७ च्या नदी करारात आहेच, पण तो लागू व्हायला २०१४ साल लागलं आणि चीन, तुर्कस्तान, बुरुंडी यांनी तर विरोधात मतं दिली होती. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण नेहमीचं. पण २०२२ च्या अखेरीस अमेरिका आणि फ्रान्सने सोडलेला उपग्रह जगभरच्या नद्या-तलावांची पातळी वरून मोजतोय, मग लपवायचं काय राहिलं? अर्थात उपग्रह रोज त्याच जागेवर येत नाही, पुराचा इशारा द्यायला तासातासाचा आकडा लागतो आणि तो नदीकाठच्या केंद्रावरूनच येणार.

तेव्हा संपादक साहेब, परिषदेच्या बातम्या देताना नुसती आश्वासनं छापू नका. कोणता देश कोणाला कोणते आकडे देतो आणि कोणी बंद केलेत, एवढा एक तक्ता तरी छापा.

आपला,
एक नियमित वाचक