वेशीच्या आत गाडी नको

महोदय,

मे महिन्यात किंवा दिवाळीनंतर ग्रुप टूर सोडून स्वतः गाडी भाड्याने घेऊन इटली, फ्रान्स, स्पेन फिरणारी नाशिककर कुटुंबं आता नवलाईची राहिलेली नाहीत. व्हिसा, विमान, हॉटेल यांची तयारी काटेकोर होते. गाडीचा विषय मात्र ‘इथे चालवतो, तिथे काय अवघड’ एवढ्यावर संपतो. हायवेपुरतं ते खरं आहे. गाडं अडतं ते जुन्या शहराच्या वेशीवर.

सणाच्या दिवशी सराफ बाजारात किंवा भद्रकालीत चारचाकी घालू नये, हे नाशिककराला सांगावं लागत नाही. सिंहस्थात बाहेरगावच्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळावर थांबतात आणि भाविक बसने पुढे येतात. फ्लॉरेन्स, सिएना, बोलोन्या, पिसा या शहरांत असाच बंदोबस्त बाराही महिने असतो. फक्त तिथे हात दाखवून थांबवायला पोलीस नसतो. खांबावर कॅमेरा असतो, आणि तो काही बोलत नाही.

इटलीत या भागाला ‘झेडटीएल’ म्हणतात, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. खूण साधी आहे: पांढरं वर्तुळ, त्याला लाल कड. खाली वेळा लिहिलेल्या असतात. वेळांशेजारी एकमेकांवर ठेवलेल्या दोन हातोड्यांचं चित्र असेल तर तो नियम सोमवार ते शनिवार, आणि क्रॉस असेल तर रविवार व सुट्टीच्या दिवसांसाठी. काही ठिकाणी विजेची पाटी असते आणि घोळ होतो तो तिथेच. ‘वार्को आत्तीवो’ वाचून परका माणूस समजतो की दार उघडं आहे. अर्थ नेमका उलटा. नाका चालू आहे, म्हणजे कॅमेरा चालू, आत जाऊ नका. ‘नोन आत्तीवो’ असेल तरच जायचं. मोबाइलवरच्या नकाशाच्या भरवशावर राहू नये. तो जवळचा रस्ता दाखवतो, परवानगीचा दाखवेलच असं नाही.

चुकून आत शिरलात तर दंड ऐंशी युरोच्या घरात, टपालखर्च वेगळा. रस्ता चुकून त्याच नाक्यावरून पुन्हा गेलात तर दुसरा दंडही येऊ शकतो. आधी भाड्याची गाडी देणारी कंपनी तुमच्या क्रेडिट कार्डावरून तीस-पन्नास युरो कापते. पुष्कळांना वाटतं, दंड भरून झाला. तसं नसतं. ते पैसे तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याचे. खरी नोटीस नंतर येते. परदेशी चालकाला ती पाठवायला इटलीच्या कायद्यात ३६० दिवसांची मुदत आहे, त्यामुळे सहल विसरून गेल्यावर पाकीट दारात आलं तरी ते खोटं समजू नये. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरलं तर ३० टक्के सूट मिळते, साठ दिवस उलटले की रक्कम वाढते.

हॉटेलच या भागात असेल तर वाट आहे. हॉटेल तुमच्या गाडीचा नंबर पालिकेकडे नोंदवू शकतं, मात्र तो नंबर गाडी हातात पडेपर्यंत कळत नाही. म्हणून काउंटरवरून निघण्याआधीच नंबर प्लेटचा फोटो हॉटेलला पाठवावा आणि नोंद झाल्याचं लेखी उत्तर घ्यावं. परवानगी बहुधा सामान उतरवण्यापुरती असते, दिवसभर गाडी उभी ठेवायची नाही.

त्यापेक्षा गाडी बाहेर ठेवणं केव्हाही शहाणपणाचं, आणि त्याची सोय उत्तम आहे. फ्लॉरेन्सला जाताना ए-१ महामार्गावरूनच थेट ‘व्हिला कोस्तान्झा’च्या वाहनतळात शिरता येतं. तिथून टी-१ ट्राम सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनजवळ सोडते. पेरुजा डोंगरावर आहे. खाली पार्तिजानी चौकाच्या वाहनतळात गाडी लावायची आणि सरकत्या जिन्यांनी वर जायचं. हे जिने सोळाव्या शतकातल्या रोक्का पाओलिना किल्ल्याच्या पोटातून जातात, म्हणजे पार्किंगची पावती घेता घेता किल्लाही पाहून होतो. सिएनाला सांता कातेरिना वाहनतळातून, स्पेनमध्ये तोलेदोला पायथ्यापासून असेच जिने आहेत. व्हेनिसला रस्ता पियात्झाले रोमाला संपतो आणि तिथलं पार्किंग महाग आहे. गाडी अलीकडे मेस्त्रेला ठेवली तर रेल्वेने दहाएक मिनिटांत पोचता येतं.

रस्त्यावर गाडी लावायचीच झाली तर रेषेचा रंग पाहावा. इटलीत पांढरी रेष फुकट, निळी पैसे भरून, पिवळी राखीव. पांढरी दिसली तरी शेजारचा खांब वाचावा. त्यावर रस्ता झाडण्याचा किंवा आठवडे बाजाराचा वार लिहिलेला असतो आणि त्या वारी गाडी उचलली जाते. हाच रंगांचा हिशेब दुसऱ्या देशात लावू नये. फ्रान्समध्ये निळी रेष म्हणजे पार्किंगची तबकडी (पोचल्याची वेळ दाखवणारं पुठ्ठ्याचं घड्याळ) काचेमागे लावून ठराविक वेळ फुकट. पैसे भरायच्या जागी बहुतेक यंत्रं गाडीचा नंबर मागतात, तो चुकला तर पैसे भरूनही दंड. स्पेनमध्ये लावलेली गाडी दिसली नाही तर आधी खाली कडेला पाहावं. टोइंगवाले जमिनीवर त्रिकोणी स्टिकर चिकटवून जातात आणि गाडी कुठे विचारायची ते त्यावर असतं. पोलिसात चोरीची तक्रार द्यायची वेळ मग येत नाही.

जर्मनीतल्या निळ्या तबकडीची एक गंमत आहे. पोचल्याची खरी वेळ लावायची नसते, पुढचा अर्धा तास लावायचा. दहा वाजून दहा मिनिटांनी पोचलात तर काटा साडेदहावर. मधेच येऊन काटा पुढे सरकवणं हा गुन्हा धरतात. तबकडी बहुधा गाडीतच असते, नसली तर पेट्रोल पंपावर मिळते.

आता गाडीच्या आकाराबद्दल. आपली वॅगन आर १.६२ मीटर रुंद, स्विफ्ट १.७३५. तिथली फियाट ५०० किंवा पांडा वॅगन आरच्याच मापाची आहे आणि जुन्या गल्ल्यांना तीच मानवते. फोक्सवॅगन गोल्फसारखी गाडी आरशांसकट दोन मीटरच्या वर जाते. मोठी गाडी बहुतेक वेळा माणसांसाठी नव्हे, बॅगांसाठी घेतली जाते. (त्यातली अर्धी बॅग चिवडा आणि मेतकूट.) आपण उजवीकडे बसून चालवतो, त्यामुळे लांबच्या डाव्या बाजूचा अंदाज सवयीने येतो. तिथे चालक डावीकडे बसतो, लांबची बाजू उजवी होते आणि गाडी नकळत उजवीकडे सरकते. उजवा आरसा आणि उजव्या चाकांच्या रिम घासतात ते याच कारणाने. साध्या विम्यात टायर, रिम, काच, टप आणि गाडीचा तळ बहुधा धरलेले नसतात. ऑटोमॅटिक गाडी मुद्दाम मागून घ्यावी. डावीकडे बसून उजव्या हाताने गिअर टाकत चढावर थांबणं पहिल्या दिवशी जमत नाही. इंधनाचं नावही फसवं आहे. इटलीत ‘गाझोलिओ’ म्हणजे डिझेल, पेट्रोलला ‘बेन्झिना’ म्हणतात.

आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी इथूनच काढावा. सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. सोबत मूळ लायसन्स हवंच. इंटरनेटवर डॉलर घेऊन ‘इंटरनॅशनल लायसन्स’ विकणाऱ्यांचा कागद तिथे चालत नाही. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं असावं, नाहीतर काउंटरवरच अडवतात.

सेल्फ-ड्राइव्हची पॅकेजं विकणाऱ्यांनीही थोडी तसदी घ्यावी. गाडी कोणत्या वर्गाची, एसी आहे का, हे पत्रकात ठळक छापतात आणि मुक्कामाचं हॉटेल नेमकं कॅमेऱ्याच्या आतलं देतात. हॉटेलच्या नावापुढे ‘झेडटीएलच्या आत’ की ‘बाहेर’ एवढं छापायला एक ओळ पुरते. गिऱ्हाइकांनी ॲडव्हान्स देण्याआधी ती मागून घ्यावी.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक