तुझ्या डिस्कच्या पसाऱ्याबद्दल

प्रिय बंड्या,

तुझा फोटो बघितला, टेबलावर एक्स्टर्नल डिस्कची रांग आणि प्रत्येकीवर स्केचपेननं नवरा-नवरीची नावं, लेका स्टुडिओ आहे का वधूवर सूचक केंद्र! फोनवर सांगितलं तर तू नुसतं हो हो करतोस म्हणून लिहूनच पाठवतोय.

कुठला नॅस (नेटवर्कला जोडलेला, ड्राइव्ह भरलेला साठवणीचा डबा) घेऊ म्हणून विचारतोस, ते नंतर, आधी हिशोब कर. तुझे कॅमेरे १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) फोरके शूट करतात, म्हणजे तासाला ४५ जीबी. हळद, लग्न, रिसेप्शन धरून दोन कॅमेऱ्यांचं मिळून आठ तासाचं फुटेज झालं तरी एका लग्नाचे ३६० जीबी. ८ टीबीच्या दोन ड्राइव्ह मिररमध्ये (दोन्हींवर तेच, एकीची दुसरी नक्कल) टाकल्यास तर वीसेक लग्नं बसतील (विंडोजला ते ७.२७ दिसेल, दुकानदाराशी भांडू नकोस, मोजायची पद्धत वेगळी आहे). चार ड्राइव्हचं रेड ५ (RAID, चार ड्राइव्हचा मिळून एक गट, एक गेली तरी डेटा टिकतो) तुला आत्ता नकोच. एक गेली की नवीन भरून होईपर्यंत दिवस दिवस जातो आणि तेवढ्यात दुसरी गेली की सगळंच गेलं.

ड्राइव्ह घेताना मात्र सीएमआर (ट्रॅक शेजारी शेजारी सुटे लिहिणारी) आहे ना, एसएमआर नाही ना, ते मॉडेल नंबरवरून बघ. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे सलग मोठं लिहायला लागलं की मधेच स्पीड बसतो आणि मिरर परत भरताना तर रडवतो. नुसत्या नावावर जाऊ नको, २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या 'रेड' (Red, वरचं RAID नव्हे) नावाच्या नॅससाठीच्या मालिकेतल्याच काही ड्राइव्ह एसएमआर निघाल्या होत्या, मग त्यांनी सीएमआरवाल्या रेड प्लस नावानं वेगळ्या काढल्या.

वायफायवर एडिटिंग करायचा नाद सोड. गिगाबिट वायरीवर सेकंदाला ११० एमबीच्या (मेगाबाइट) आसपास मिळतात, म्हणजे एक लग्न तासाभरात कॉपी होतं आणि तुझ्या फुटेजच्या तीन-चार लेयर आरामात चालतात. पण फुटेज प्रोरेस ४२२ एचक्यू (एडिटिंगचा जड फॉरमॅट) केलंस की फोरके २५ फ्रेमला एकच क्लिप ७३७ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ९२ एमबी खाते, तिथं गिगाबिट संपलं. मग एकतर २.५ गिगचा स्विच (नेटवर्कच्या वायरी जोडायचा डबा) घे, नाहीतर चालू काम लॅपटॉपच्या एसएसडीवर ठेव आणि संपलं की नॅसवर टाक, मला विचारशील तर दुसरंच कर, फुकट आहे.

जुन्या पीसीवर ट्रूनॅस (पीसीचा नॅस करणारं सॉफ्टवेअर) टाकणार असशील तर व्हिडिओच्या डेटासेटला (त्यातला साठवणीचा कप्पा) रेकॉर्ड साइज, म्हणजे लिहायच्या तुकड्याचा आकार, १२८केची १एम कर, मोठ्या फायलींना तेच बरं. स्नॅपशॉट (त्या त्या वेळी फायली कशा होत्या त्याची नोंद) चालू ठेव, पोरानं फोल्डर उडवलं तर परत आणता येतं. आणि यूपीएस यूएसबीनं जोड, लाईट गेली की मशीन आपोआप नीट बंद होऊ दे, सांगलीत उन्हाळ्यात तुला हे लागणारच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मिरर म्हणजे बॅकअप नाही रे, एकीकडनं डिलीट झालं की दुसरीकडनं पण त्याच क्षणी जातं, आणि चोरी झाली, पाणी शिरलं तर डबाच जाणार. तुझ्या त्या रांगेतल्या चांगल्या डिस्क फेकू नकोस, डिलिव्हरी न झालेली लग्नं त्यांच्यावर परत कॉपी करून दादाच्या घरी कपाटात ठेव. गिऱ्हाइकाला पेनड्राइव्ह देताना एक्सफॅटमध्ये फॉरमॅट कर, जुन्या फॅट३२ फॉरमॅटवर ४ जीबीच्या वरची फाईल जात नाही.

ड्राइव्ह घ्यायच्या आधी मॉडेल नंबर पाठव, बघून सांगतो. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
दिल्या