'प्रिसिजन' दर लावून साधं प्लाझ्मा कटिंग केल्याबाबत तक्रार

मा. व्यवस्थापक,
प्लाझ्मा कटिंग विभाग

महोदय,

आमच्या १२ मिमी माइल्ड स्टीलच्या बेस प्लेट्स तुमच्याकडून कापून आल्या. त्यातली एकही जशीच्या तशी फिटिंगला लावता आली नाही. फोनवर सगळं सांगून झालं; तुमच्या सुपरवायझरसाहेबांचं उत्तर एकच, "प्लाझ्मात टेपर येणारच." म्हणून आता लेखी कळवतो.

टेपर, म्हणजे कडेला तिरकेपणा, येतो हे आम्हालाही ठाऊक आहे. किती येतो आणि कुठल्या बाजूला येतो, हा प्रश्न आहे. तुमच्या कोटेशनमध्ये 'आयएसओ ९०१३, रेंज ३' (कापाच्या अचूकतेचं मानक) असं स्पष्ट छापलंय. त्या हिशेबाने १२ मिमी जाडीला कड काटकोनातून फार तर ०.५२ मिमी सुटलेली चालते. आमच्या फिटरने गुण्या लावून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला, तर १.२ मिमी भरलं. हे त्याहून सैल अशा रेंज ४ मध्येसुद्धा बसत नाही. होल एम१६ (१६ मिमी व्यासाच्या) बोल्टसाठी, ड्रॉइंगमध्ये १८ मिमी. व्हर्नियर वरून लावला की १८.२ आणि खालून १५.८! बोल्ट वरून घातला की खालपर्यंत जातच नाही.

प्लेट आमचीच असल्याने पीस कापून उरलेली स्क्रॅपची जाळीही तुम्ही परत पाठवलीत, हे बरं केलंत. त्या जाळीची कड गुण्यात आहे! नोझल झिजलं होतं किंवा टॉर्च वाकडी बसली होती म्हणावं, तर जाळीची कड इतकी सरळ सगळीकडे आली नसती. टॉर्चमधून गॅस गरगरत बाहेर पडतो, त्यामुळे कापाची एक बाजू सरळ आणि दुसरी तिरकी निघते. नेहमीच्या सेटिंगला टॉर्च ज्या दिशेने चालते तिच्या उजवीकडची बाजू सरळ. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या काट्यांप्रमाणे कापायची आणि होल उलट दिशेने, म्हणजे तिरकी बाजू भंगारात जाते. तुमच्या प्रोग्रॅममध्ये नेमकं उलटं झालेलं दिसतं. हे तुमच्या ऑपरेटरला आम्ही सांगायचं का?

खालच्या कडेला बारीक, कडक स्लॅगची (वितळून चिकटलेल्या धातूची) रेघ आहे. छिन्नीने निघत नाही, ग्राइंडरच मारावा लागतो. कापाच्या रेषाही मागे झुकलेल्या आहेत, म्हणजे स्पीड जास्त ठेवला होता.

"होलमध्ये ड्रिल मारून घ्या" हा सल्लाही मिळाला. प्लाझ्माने कापलेली कड कडक होते, ड्रिलची धार जाते. आणि तेच काम आम्हीच करायचं, तर होल कापायचे पैसे कशाचे? शिवाय ऑर्डरमध्ये ऑक्सिजन प्लाझ्मा लिहिलेला असताना वेल्डिंगला ब्लो होल (वायूची छिद्रं) येत आहेत. ऑक्सिजनऐवजी हवेवर कापलं की कडेत नायट्रोजन जातो आणि वेल्ड असाच फुटतो. कोणता गॅस वापरला, ते लेखी कळवावं.

सगळ्या प्लेट्स रिजेक्ट करून बाजूला ठेवल्या आहेत, तुमच्या खर्चाने उचलून न्याव्यात. नवीन कटिंग तुमच्या मटेरियलमध्ये करून द्यावं, कारण आमची प्लेट तुमच्या हातून वाया गेली. पहिला पीस कापला की होलचं वरचं-खालचं माप आणि कडेचं माप पाठवावं. आम्ही होकार दिल्यावरच पुढचे कापावेत. ग्राइंडिंगच्या मजुरीची डेबिट नोट सोबत जोडली आहे.

तोवर तुमचं बिल पास होणार नाही.

आपला,
वर्कशॉप चालक
(सोबत: मापांचे फोटो, ड्रॉइंग, चलनाची प्रत, डेबिट नोट)