ठिपके गेले तरी उपचार थांबवू नकोस

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

अंगावर पांढरे ठिपके आलेल्या तुमच्या गोल्डफिशचे तू पाठवलेले फोटो आणि व्हिडिओ नीट पाहिले. मासा अजून खायला वर येतोय, हे चांगलं लक्षण आहे. लेकीला आधी एवढं सांग. बाकीचं फोनवर अर्धवट राहील म्हणून लिहून पाठवतोय. आमचा मासा आजारी पडला तेव्हा इथल्या माशांच्या डॉक्टरांनी प्रत्येक गोष्ट दाखवत समजावली होती, तेच सांगतो.

औषधाच्या आधी पाणी तपासा. मासा दगडाला अंग घासायला लागला की परजीवीच असतील असं वाटतं, पण अमोनिया, म्हणजे माशाच्या घाणीतून पाण्यात साठणारा विषारी पदार्थ, वाढला तरी मासा तसाच घासतो, पर मिटून तळाशी बसतो, वर येऊन तोंडाची उघडझाप करतो. टेस्ट किटने अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट बघ. दोन्ही शून्य हवेत. नसतील तर पाव ते एकतृतीयांश पाणी बदल, क्लोरीन काढलेलं आणि टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचं. पाणी सुधारल्याशिवाय कोणतंही औषध माशाला झेपत नाही.

मग ठिपके कुठे आहेत ते बघ. विणीच्या काळात नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला बारीक, टणक पांढरे ठिपके येतात. तो आजार नव्हे, आणि अशा धडधाकट माशांना लोक विनाकारण औषध देत बसतात. तुझ्या फोटोत मात्र ठिपके शेपटीवर आणि पाठीवर विखुरलेत, मिठाच्या कणांएवढे. म्हणून मला हा व्हाइट स्पॉट, म्हणजे ‘इक’ वाटतोय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा एकपेशीय जीव माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली बसून वाढतो. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे तिथे दडलेला जीव, आणि तिथे औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पोट भरलं की तो मासा सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. एकाचे शेकडो, कधी हजारपर्यंत होतात. ती पिल्लं पोहत बाहेर पडतात आणि साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणजे ठिपके गळाले त्या दिवशी मासा बरा दिसतो, पण तळाशी पुढची फौज तयार होत असते. बरेच लोक नेमके तेव्हाच थांबतात आणि पुढच्या खेपेला दुप्पट ठिपके दिसतात. कल्ल्यांवर झालेला मारा तर बाहेरून दिसतही नाही.

हे चक्र किती वेगाने फिरेल ते तापमान ठरवतं. २४ ते २६ अंशांना तीन ते सहा दिवस, १५-१६ अंशांना दहाएक दिवस, १० अंशांना महिना किंवा जास्त. म्हणून टाकीत थर्मामीटर लावच. पाणी गार असेल तर हळूहळू २४-२५ पर्यंत आण, त्याहून वर नको. गोल्डफिश गार पाण्याचा मासा आहे आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेव.

मी तरी सुरुवात मिठानेच करीन. आयोडीन किंवा इतर काही न मिसळलेलं मीठ, लिटरला ३ ग्रॅम. एकदम ओतायचं नाही. तीन हिश्शांत, दीड-दोन दिवसांत, प्रत्येक वेळी वेगळ्या भांड्यात विरघळवून. जिवंत वनस्पती आधी बाहेर काढ. पाणी आटलं तरी मीठ टाकीतच राहतं, त्यामुळे जेवढं पाणी बदलशील तेवढ्यापुरतंच नवं मीठ घाल. रोज नळीने तळ ओढून काढ, कवचातले जीव त्याबरोबर निघून जातात. शेवटचा ठिपका गेल्यावरही निदान एक पूर्ण चक्र हे चालू ठेव. मी तर दोन चक्रं ठेवीन.

दोन-तीन दिवसांत फरक नाही, किंवा ठिपके नसूनही घासणं चालूच, असं झालं तर अंदाजाने बाटल्या आणू नका. माशांची माहिती असलेले पशुवैद्य शोध. ते कव्हरस्लिपने, म्हणजे काचेच्या पातळ तुकड्याने, अंगावरचा बुळबुळीत थर किंचित खरवडून, टाकीतल्याच पाण्याच्या थेंबात लगेच मायक्रोस्कोपखाली बघतात. उशीर केला तर जीव मरतात आणि काही ओळखू येत नाही. मला ते पाहायला मिळालं: ‘इक’चा जीव सावकाश गडगडत होता आणि त्याच्या आत घोड्याच्या नालेसारखं केंद्रक स्पष्ट दिसत होतं. फ्लूक्स नावाचे परजीवी असतील तर बारीक हुकांनी चिकटलेले लांबट किडे दिसतात. त्यांच्यावर सहसा प्राझिक्वांटेल देतात. कल्ल्यांवरचे फ्लूक्स अंडी घालतात, ती या औषधाने मरत नाहीत, म्हणून तो डोस पुन्हा द्यावा लागतो. अँकर वर्म आणि माशांच्या उवा हे परजीवी नुसत्या डोळ्यांनी दिसतात, त्यांचं औषध आणखी वेगळं.

मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मलिनची औषधं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोच. फॉर्मलिनने पाण्यातला ऑक्सिजन घटतो. मॅलाकाइट ग्रीन विषारी आहे, खाण्याच्या माशांसाठी त्यावर कितीतरी देशांत बंदी आहे. द्यावंच लागलं तर हातमोजे घाल, लेकीला लांब ठेव आणि फिल्टरमधला कार्बन काढ, नाहीतर तो औषध शोषून घेतो.

‘इक’ माणसाला होत नाही, लेक घाबरली असेल तर तिला सांग. तरी टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवा आणि हाताला जखम असेल तर घालूच नका. माशांचे काही जिवाणू त्यातून शिरतात. आणि यापुढे नवा मासा आणलात तर चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, त्याची जाळीसुद्धा वेगळी.

पाण्याचे आकडे आणि तापमान आजच कळव. रोज एक फोटो पाठव, त्याच बाजूने, त्याच उजेडात, म्हणजे तुलना करता येईल.

भाऊजींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ