कुंभारगावच्या नावाडीदादांना आणि मावशींना

दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षी मोजले जातात. यंदा त्यासाठी आम्ही भिगवणजवळ, उजनी धरणाच्या फुगवट्यावर होतो. रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकादंब हे पक्षी मोजून परतताना वारा सुटला आणि नोंदवही उडून पाण्यात पडली. सकाळभराच्या साऱ्या नोंदी तिच्यातच होत्या.

दादा, तुम्ही बांबू रोवून होडी थांबवलीत आणि सरळ कमरेएवढ्या गाळपाण्यात उतरलात. वही हाती लागल्यावर आम्हाला घरी नेलंत. मावशींनी कालवण बाजूला ठेवलं, सुईच्या टोकाने एकेक पान सोडवलं आणि चुलीशेजारी उपड्या परातीवर वाळवलं. किती वेळ गेला, पण त्या घाई करेनात.

पेन्सिलीचं लिखाण शाबूत राहिलं, पेनाच्या दोन ओळी मात्र पुसल्या. त्यातला चक्रवाकांचा आकडा विचारला तर दादा, तुम्ही म्हणालात, "ताई, पाहिले खरे, पण मोजले नव्हते. उगा आकडा नका लिहू." ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर संख्या माहीत नसेल तर नुसता ‘एक्स’ लिहिता येतो, तोच लिहिला. कुठला पक्षी वाढतोय, कुठला घटतोय हे अशाच नोंदींवरून कळतं. म्हणून तुमचा तो खरेपणा मला वाचवलेल्या वहीइतकाच मोलाचा वाटतो.

वर ठरल्या भाड्यापेक्षा रुपयाही जास्त घेतला नाहीत आणि भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाहीत.

दोघांचे मनापासून आभार. पक्ष्यांच्या यादीच्या टिपणीत तुमचं नाव घालायचं आहे. कुणी ओळखत असेल तर एवढं त्यांच्यापर्यंत पोचवा.