आध्यात्मिक मार्गदर्शन प्रापंचिकांनाही मिळावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्त काळात वसईतल्या चर्चमध्ये संध्याकाळी गेलात, तर पापनिवेदनासाठी, म्हणजे धर्मगुरूंपाशी आपली पापे कबूल करण्यासाठी, उभ्या असलेल्या भाविकांची रांग दिसते. या संस्कारावर माझी गाढ श्रद्धा आहे. मात्र त्या जाळीशी मिळणाऱ्या दोन-तीन मिनिटांत पापे सांगता येतात. आपला जीव नेमका कुठे अडकला आहे, हे सांगायला तेवढा वेळ पुरत नाही. त्यासाठी कॅथलिक परंपरेत आध्यात्मिक मार्गदर्शनाची वेगळी वाट आहे आणि ती केवळ सेमिनरीत धर्मगुरू होण्याचे शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी व धर्मभगिनींसाठी आहे, अशी आम्हा प्रापंचिकांची समजूत होऊन बसली आहे. ती चुकीची आहे, म्हणून हे पत्र.

माझे यजमान गेले त्यानंतर वर्षभर जपमाळ हातात फिरत होती, पण मन कोरडे होते. पापनिवेदनाच्या वेळी मी ते धर्मगुरूंना सांगितले. त्यांनी मायेने धीर दिला आणि एक स्तोत्र वाचायला सांगितले. माझ्यामागे वीस-पंचवीस माणसे ताटकळत होती, तेव्हा त्यांनी आणखी काय करावे? पुढे शेजारच्या एका बाईंनी मला एका वयस्कर सिस्टरांकडे नेले. मठाच्या दाराजवळची लहानशी खोली, दोन खुर्च्या, टेबलावर घड्याळ, दाराला पारदर्शक काच. महिन्यातून एकदा, एक तास. पहिल्या दिवशी मी बराच वेळ रडले आणि सिस्टर काही बोलल्या नाहीत. निघताना त्यांनी एवढेच विचारले, "दिवसभरात देव जवळ आहे, असं तुम्हांला कधी वाटतं?" मी आठवून सांगितले, पहाटे मोगऱ्याला पाणी घालताना. "मग काही दिवस तिथेच बसून प्रार्थना करा," त्या म्हणाल्या. रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग सोडून द्यायचे मी ठरवले होते, तेही त्यांनी थांबवले. मन अंधारात असताना आधीचा चांगला निर्णय बदलू नये, हा संत इग्नेशियस यांचा नियम त्यांनी मला त्या दिवशी समजावून सांगितला.

हा नियम पुस्तकी नाही. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झालेले इग्नेशियस, तेव्हाचे एक सरदार, लोयोलाच्या आपल्या वाड्यात अंथरुणाला खिळून होते. पराक्रमाची आणि दरबाराची स्वप्ने रंगवताना त्यांचे मन खुलायचे, पण ती सरली की उदास व्हायचे; संतांप्रमाणे जगण्याचे विचार मात्र मनातून गेल्यावरही प्रसन्नता मागे ठेवून जायचे. हा फरक ओळखण्याच्या सवयीतून त्यांची आध्यात्मिक साधना घडली आणि 1548 मध्ये तिच्या पुस्तिकेला पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. त्यात मार्गदर्शकाला एक ताकीद आहे, जी मला फार मोलाची वाटते. त्याने साधकाला कोणत्याही बाजूला ढकलू नये, तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे आणि निर्माणकर्त्याला आपल्या लेकराशी थेट बोलू द्यावे. आपल्या मराठी मनाला गुरू म्हटले की शरणागती आठवते. इथे तसे नाही. खरा मार्गदर्शक पवित्र आत्मा आहे आणि समोर बसलेली व्यक्ती त्याची चाहूल ओळखायला मदत करणारी सोबतीण.

म्हणूनच निवड जपून करावी लागते. आविलाच्या संत तेरेजा यांना पापनिवेदन ऐकणाऱ्या, पण अर्धवट ज्ञान असलेल्या धर्मगुरूंमुळे वर्षानुवर्षे त्रास झाला आणि त्यांनी तो स्पष्टपणे लिहून ठेवला आहे. लग्न कुणाशी करावे, नोकरी सोडावी की नाही, पैसे कुठे द्यावेत, हे देवाच्या नावाने परस्पर ठरवून देणाऱ्या, मोबाईलवरून भविष्यवाणी सांगणाऱ्या किंवा बंद दाराआड एकट्याने भेटण्याचा आग्रह धरणाऱ्या माणसापासून दूर राहावे, असे मी तरुण मुलामुलींना कळकळीने सांगेन. सिस्टरांच्या दाराला काच का होती, हे मला फार उशिरा उमगले. चर्चच्या कायद्यातही याबाबत शहाणपण आहे. धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या उमेदवाराला दीक्षा द्यावी की सेमिनरीतून काढावे, हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे मत कधीही विचारता येत नाही. मन उघडे करण्याची जागा आणि अधिकाराची जागा वेगळी असावी, हे तत्त्व धर्मग्रामातही, म्हणजे प्रत्येक स्थानिक चर्चच्या परिसरातही, पाळले जावे.

हे काम धर्मगुरूंनीच करावे असेही नाही, कारण मार्गदर्शन हा पापनिवेदनासारखा संस्कार नव्हे. सिएनाच्या संत कॅथरीन दीक्षित धर्मगुरू नव्हत्या, तरी धर्मगुरूसुद्धा त्यांच्याकडे सल्ला मागत. आपल्याकडेही प्रार्थनेत मुरलेल्या, चार घरची दुःखे पाहिलेल्या, ऐकलेले पोटात ठेवणाऱ्या स्त्रिया आणि निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना रीतसर प्रशिक्षण आणि देखरेख मिळाली, तर धर्मगुरूंवरचा भार कितीतरी हलका होईल.

आणखी एक गोष्ट भाषेची. कादोडी किंवा वाडवळी या आपल्या भागातल्या बोली बोलत वाढलेल्या बाईला नवऱ्याच्या दारूविषयीचा संताप किंवा देवावरचा राग इंग्रजीतून सांगायला लावले, तर ती सभ्य, गुळगुळीत वाक्ये बोलून उठून जाईल आणि खरे दुखणे तिच्याजवळच राहील. मी स्वतः मराठी शिकवत आले, तरी त्या खोलीत माझ्या तोंडून आईची बोलीच बाहेर पडली.

माझी वसई धर्मप्रांतातील आणि इतरत्रच्या धर्मग्रामांच्या प्रमुखांना विनंती आहे. चर्चच्या दाराशी असलेल्या फलकावर मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळा लिहिलेल्या असतात. त्यांच्याखाली, मराठीतून निवांत ऐकून घेणारी व्यक्ती आठवड्यातून कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या खोलीत भेटेल, एवढी एक ओळ लिहावी. आणि ती वेळ, लोकल पकडून उशिरा घरी परतणाऱ्यांनाही गाठता येईल, अशी ठेवावी.

आपली,
एक वाचक, वसई