बाबा, ठेव मोडू नका

रत्नागिरी

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नका, फ्लॅटच्या पैशांसाठी खातं उघडून झालंय, त्यापायी तुम्ही तुमची ठेव मोडायची नाही. आपल्या पतसंस्थेत नाही, राष्ट्रीयीकृत बँकेत. पतसंस्थेत व्याज जास्त आहे आणि माणसंही आपलीच, दारात येऊन पिग्मी नेतात. त्यांच्यावर अविश्वास नाही. पण बँकेतल्या ठेवीला व्याजासकट 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. हे पैसे दोन वर्षांनी ठरल्या दिवशी हातात यायला हवेत, एका टक्क्यापायी मला ती धाकधूक नको.

हिशोब सांगते. फ्लॅट 32 लाखांचा धरला, तर बँक 90 टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते, पण देईलच असं नाही. म्हणून 20 टक्के, म्हणजे 6 लाख 40 हजार, आपले धरलेत. नोंदणीचे 30 हजार आणि मुद्रांक शुल्काचे दीड-दोन लाख वेगळे, कारण ते कर्जात बसत नाहीत. घर फक्त बाईच्या नावावर असलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते. बाबा, तुमचं नाव घातलं नाही ते एवढ्याचसाठी, मनाला लावून घेऊ नका.

बचत खात्यात पैसे नुसते पडून राहतात, म्हणून तिथे खर्चापुरतेच ठेवलेत. दरमहा 20 हजारांची आवर्त ठेव लावली आहे, 24 महिन्यांची. तिची तारीख 5 घेतली. पगार 3 तारखेला होतो. 1 तारीख घेतली असती तर खात्यात पैसे नसताना हप्ता चुकला असता आणि दंड लागला असता. साठलेल्या 3 लाखांच्या, एकेक लाखाच्या मुदत ठेवीच्या तीन पावत्या केल्या. मध्येच मोडली की जितके दिवस पैसे राहिले त्या मुदतीचा दर लागतो आणि वर दंडाचा अर्धा-एक टक्का कापतात. पावत्या वेगळ्या असल्या की एकच मोडावी लागते. आई, अढीतला एक आंबा काढताना सगळी अढी विस्कटली की तू पाठीत धपाटा घालायचीस, आठवतं? तेच डोक्यात होतं.

करार नोंदवण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, तेव्हा सुरुवातीला या तीन पावत्या जवळजवळ पुरतात.

म्हणून बाबा, पोस्टातली ज्येष्ठांची ठेव मोडायची नाही. तिला दुसरं वर्ष चालू आहे. आत्ता मोडली तर मुद्दलातून दीड टक्का जाईल, 6 लाखांवर 9 हजार. आणि दर तीन महिन्यांनी येणारे 12,300 बंद. त्यातून तुमची औषधं आणि बागेच्या राखण्याचा पगार भागतो, मला ठाऊक आहे.

माझी आबाळ नाही. डबा लावलाय, रात्री पेज करते. फ्लॅट लिफ्टचाच बघणार आहे आणि कमोडही हवाच, तुमच्या गुडघ्यासाठी.

आता ऐका. आंब्याचे पैसे ट्रंकेत ठेवू नका, खात्यावर भरा; घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख चालत नाही. पोस्टाच्या पासबुकात आईचं नाव वारस म्हणून लागलंय का ते सोमवारी जाऊन बघा. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणाला तरी. बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर, ते डॉक्टरांना विचारून डबीवर लिहून ठेवा.

आई, कुळथाचं पीठ संपलं. कुणी इकडे येत असेल तर दे.

तुमची,
बाय